पहिला आकडा

शेगडीवरच्या कॉफीच्या किटलीचं झाकण टणकन उडालं आणि टेबलाशी बसलेली तिघंही दचकली. मार्लिननं उठून आच कमी केली आणि कोरडाच हात ॲप्रनला पुसत तशीच उभी राहिली.

"आवाजाला घाबरायचे दिवस आलेत," रॉय म्हणाला. "तेही बापाच्या घरात."

"तू घाबरू नकोस. तू कुठं राहतोस इथं? एरिका राहते. टिली राहते."

एरिका दोघांच्या मध्ये बसून निसूच्या, गोड फिनिश पावाचे काप करत होती. आई आणि मामा यांच्या मध्ये बसायची तिला लहानपणापासून सवय होती. पावातल्या वेलदोड्याचा वास घरभर भरला होता. टेबलाखाली तिची लेक टिली तिच्या पायाला टेकून रंगीत खडूंशी खेळत होती. डोक्यावर, माडीवर, पावलं वाजत होती. न्हाणीपासून खोलीपर्यंत, खोलीतून परत न्हाणीपर्यंत. आजोबा दाढी करत होते. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नव्हतं, पण आज गॉर्डी बंदूक बघायला येणार हे सांगितल्यापासून ते एकदाही विसरले नव्हते. बंदुकांच्या सौद्याच्या दिवशी आर्विद कल्लिओ दाढी करून बसत, आयुष्यभर.

मागच्या आठवड्यात एरिका कामावरून परतली तेव्हा अंधारून आलं होतं. एका हातात किराणा, दुसऱ्या हातात टिलीचा हात, म्हणून तिनं दार पायानंच ढकललं. समोर बंदुकीची नळी होती आणि नळीमागे आजोबा. "कोण तुम्ही?" असं त्यांनी विचारलं, तेही अगदी शांत आवाजात. एरिकानं टिलीला मागे ओढलं. टिलीच म्हणाली, "पणजोबा, मला शू लागलीय." त्यावर त्यांनी नळी खाली केली आणि परक्या पाहुण्याला द्यावी तशी अदबीनं वाट दिली.

बाकीच्या बंदुका रॉयनं साफसफाईच्या निमित्तानं एकेक करून नेल्या होत्या. राहिली होती ती जुनी सॅव्हेज रायफल. एकदा रॉयनं तिची फायरिंग पिन गुपचूप काढून ठेवली. आजोबांनी त्याच संध्याकाळी बंदूक खोलली, तेल द्यायला, आणि पिन नाही हे त्यांच्या बोटांना लगेच कळलं. पिन परत ठेवावी लागली, कारण ते चोराला पकडायला जिन्यावर ठाण मांडून बसले आणि जेवायलाही उठेनात. काडतुसं तर कुठं कुठं दडवली होती देव जाणे. तिघांनी घर पालथं घातलं तरी हाती काही लागलं नव्हतं.

"मी परत सांगते," मार्लिन म्हणाली, "ते सौनात वाफ घेत बसले असताना उचलायची आणि न्यायची. एवढं नाटक कशाला?"

"मग ते शोधत बसतील, आई. दिसेल त्याला चोर म्हणतील. टिलीलासुद्धा." एरिकानं सुरी खाली ठेवली. "नेलेलं ते शोधतात. विकलेलं शोधत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी कुठली बंदूक कुणाला कितीला दिली ते अजून सांगतात की नाही? तुझं नाव विसरले एकदा, पण ते बिनटोपीचं स्वीडिश गिऱ्हाईक विसरले नाहीत."

"ते माझं नाव विसरले नव्हते. त्यांनी मला मावशी म्हटलं, एवढंच," मार्लिन म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

रॉय हसला नाही. "ती बंदूक माझ्याकडे यायची होती," तो कपाकडे बघत म्हणाला.

"बाबांनी शब्द दिला होता तुला?"

"शब्द कशाला लागतो? मी मुलगा आहे."

"मग मुलासारखा वाग आणि आज गप्प बस."

बाहेर गाडीचं दार आपटलं. विरघळत्या बर्फात बूट फसफसले. एरिकानं टेबलाखाली वाकून टिलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "टिली, वरच्या खोलीत जातेस? मांजराला घेऊन?"

"मांजर बाहेर आहे."

"मग बाहुलीला घेऊन."

"मला सौदा बघायचाय," टिली म्हणाली. हेच वाक्य एरिकानं या घरात याच वयात म्हटलं होतं आणि तिला कुणी वर पाठवलं नव्हतं. यावेळी मात्र तिनं पोरीला उचलून जिन्यापाशी नेलं आणि वरच्या पायरीवर बसवलं. "इथून उठायचं नाही. काही झालं तरी."

*

गॉर्डी ताप्पनीचं बंदुकांचं दुकान गावाबाहेरच्या रस्त्यावर होतं, आणि आर्विदशी त्याची तीस वर्षांची घासाघीस होती. मैत्रीला दोघं हाच शब्द वापरत. एरिकानं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यानं बंदूक विकत घ्यायचं लगेच कबूल केलं होतं. आता तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि समोर टॉवेलवर ती सॅव्हेज आडवी होती.

सौद्यात तिच्याकडे बघायचं नसतं. आधी कॉफी, मग पाव, मग यंदा छतावर बर्फ किती साचला, कुणाचा गोठा बसला. जो आधी टॉवेलकडे बघेल त्याला गरज आहे, आणि गरज दिसली की भाव चढतो. हे गॉर्डीला आर्विदनंच शिकवलं होतं. पण आज गॉर्डीचे डोळे पुनःपुन्हा तिकडे जात होते. लोखंडाच्या बाजूला एक बारीक खिडकी होती, आत किती काडतुसं आहेत त्याचा आकडा दाखवणारी. तिथं शून्य होतं. मार्लिनलाही ते दिसलं असावं, कारण तिनं श्वास सोडल्याचं त्याला ऐकू आलं.

"बघ की," आर्विद म्हणाले. पांढऱ्या गालावर ब्लेडची एक लाल रेघ होती. "बघायला पैसे पडत नाहीत."

गॉर्डीनं ती उचलली, नळी भिंतीकडे वळवली आणि लिव्हर खाली ओढली.

काडतूस उडालं. पितळ चमकलं, टेबलावर पडलं आणि गरगरत जाऊन पावाच्या ताटलीला टेकून थांबलं.

खिडकीतला आकडा पोटातल्या काडतुसांचा असतो. नळीच्या मागच्या टोकाशी चढवून ठेवलेलं तो मोजत नाही. हे गॉर्डीइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो शून्य बघून निवांत झाला होता. जिन्यावर पोर बसलेली होती, आणि ही बंदूक आठवडाभर याच घरात होती, अशी भरलेली.

"हे माझं नाही," आर्विद काडतुसाकडे बघत म्हणाले. भरलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देणाऱ्या माणसाला ते पूर्वी बाजारातून हाकलून देत. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मी अशी देत नाही. गॉर्डी, मी अशी कधी दिलीय का?"

"नाही रे. राहिलं असेल. होतं असं."

"होत नाही असं." थोडा वेळ ते टेबलाची कड चोळत राहिले. मग म्हणाले, "नऊशे डॉलर."

गॉर्डीच्या डोळ्यांपुढे अजून ते पितळ गरगरत होतं. एकदाची ही गाडीत टाकावी आणि निघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"दिले," तो म्हणाला. "नऊशे दिले."

*

गॉर्डीनं ते म्हणताक्षणी काय झालं हे एरिकाला सगळ्यांत आधी कळलं. तिनं डोळे मिटून घेतले.

आर्विदना अलीकडे सगळं काचेपलीकडून दिसल्यासारखं दिसे. माणसं येत, गोड बोलत, काहीतरी उचलून नेत. पण सौदा म्हटलं की ती काच पुसली जायची. नऊशे हा त्यांचा पहिला आकडा होता. पहिला आकडा हा हसण्यासाठी असतो. तो ऐकून समोरच्यानं कपाळाला हात लावायचा असतो, बंदूक खाली ठेवायची असते, टोपी उचलायची असते.

"तीस वर्षांत तू माझा पहिला आकडा कधी घेतलास?" त्यांनी विचारलं.

"आर्विद, बंदूक चांगली आहे म्हणून..."

"तू नळीतून उजेडसुद्धा बघितला नाहीस. स्क्रू बघितले नाहीस." त्यांनी बंदूक टॉवेलसकट आपल्याकडे ओढली आणि काडतुसावर मूठ झाकली. "काय झालंय? मी मरायला टेकलोय का? आजाऱ्याला फळं आणतात तसा भाव देतोस मला?"

"बाबा, तसं नाही," मार्लिन म्हणाली.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. दिसतंय मला. विकायची नाही."

"नका विकू," रॉय पटकन म्हणाला. "बरोबर आहे तुमचं, बाबा. घरातली वस्तू घरात राहू दे."

"रॉय!" मार्लिन उभीच राहिली. "घरात? अरे, आत्ता काय पडलं टेबलावर, डोळे कुठं होते तुझे? मी शेरीफला फोन करते. करतेच आता. मला काय म्हणायचं ते म्हणा."

"कर. वर्दीतली माणसं आण बापाच्या अंगावर."

"मग तू तरी ने त्यांना तुझ्या घरी! नेतोस? नाही ना? मग बोलू नकोस."

आर्विद या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. एक हात दस्त्यावर होता, दुसरा मुठीतल्या काडतुसावर. त्यांचा अंगठा पितळेवरून फिरत होता, आणि एरिकाला त्या अंगठ्याखेरीज काहीही दिसत नव्हतं. तिनं स्वतःची खुर्ची ओढली, गॉर्डीला खांद्यानं बाजूला केलं आणि आजोबांच्या समोर बसली.

"नऊशे?" ती हसली. हसू बरं जमलं. "नऊशे कशाचे? या लाकडाचे?"

आर्विदनी मान वळवली.

"तुला काय कळतं यातलं?" आर्विद म्हणाले.

"द्या इकडं, सांगते."

त्यांनी मूठ सोडली नाही, पण बंदूक दिली. बघायला मागितली तर द्यायची असते. एरिकानं लिव्हर उघडली, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, मग पुन्हा केली. कागदी रुमालाचा तुकडा आत सरकवला आणि नळीच्या तोंडाशी डोळा लावला. आत उजेडाचं स्वच्छ, वळत गेलेलं आरशासारखं वर्तुळ होतं. इतकी जपलेली नळी तिनं दुसरीकडे पाहिली नव्हती.

"गंज आहे," ती म्हणाली.

"खोटं!"

"बारीक आहे. मला दिसतो. आणि हे स्क्रू बघा, कुणीतरी नको त्या मापाच्या पेचकसानं उघडलेत. झिलई उडालीय पोटापाशी."

"हातात धरून हिंडलं की उडते. वापरलीय ती. कपाटात ठेवायला बनवलेली नाही."

"वापरलेलीला वापरलेलीचा भाव. चारशे."

"चारशे!" आर्विदनी कपाळाला हात लावला. त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला होता. "ऐकलंस गॉर्डी? चारशे म्हणते. साडेआठशे. तेही तू बाई आहेस म्हणून."

"बाई आहे म्हणून पन्नास जास्त लावलेत की काय?"

गॉर्डी खोकल्यासारखा हसला. मार्लिन भिंतीला टेकून उभी होती, फोन हातातच राहिला होता.

आता दस्त्याचं तेवढं राहिलं होतं. एरिकाला ते काढायचं नव्हतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. तिनं बंदूक उभी धरली आणि दस्त्याच्या टोकावरून बोट फिरवलं, जिथं लाकूड संपून काळं रबर चिकटवलेलं होतं.

"आणि हा दस्ता कापलाय. दोन बोटं तरी. कापलेल्या दस्त्याची बंदूक जाणता माणूस घेतो का? निम्मा भाव इथंच गेला."

"तो मी कापलाय."

"कुणी का कापेना."

"नातीसाठी कापलाय," आर्विद म्हणाले. "माझी नात आहे. बारा वर्षांची. तिचा हात पुरत नाही. शिकारीच्या पहिल्या हंगामाला खांदा काळानिळा करून घेतला, पण रडली नाही. मग मी कापला." त्यांनी हात पुढे केला. "दे ती. बरं झालं आठवण केलीस. तिच्यासाठी ठेवलीय. नाही विकता येणार."

एरिकानं बंदूक धरूनच ठेवली. ते तिच्याकडे सरळ बघत होते, स्वच्छ निळ्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांत समोर बसलेली एक चिवट गिऱ्हाईक होतं, बाकी कुणी नाही. 'आजोबा, ती मीच' एवढं म्हटलं असतं तर कदाचित ते हसले असते. कदाचित रडले असते. पण बंदूक मात्र त्यांच्या मांडीवर परत गेली असती, नातीसाठी, काडतुसासकट. जिन्यावर लाकूड किंचित करकरलं. टिली पुढे सरकली होती.

बोलावं की नाही याच्या काठावर ती असताना रॉय बोलला.

"बाबा, तिला ती नकोय."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रॉयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सतरा वर्षांचा असताना ही बंदूक एकदा न विचारता घेतली म्हणून त्यानं बापाचा मार खाल्ला होता, आणि तेव्हापासून आजवर ती आपल्याला मिळेल, मिळेल, म्हणून तो वाट बघत होता. त्याच्यासाठी दस्ता कुणी कापला नव्हता.

"कुणाला नको?" आर्विदनी विचारलं.

"नातीला. जड पडते तिला. तिनं मला सांगितलं, मामा, मला नवी हवीय म्हणून. हलकी. तुम्हाला सांगायला लाजते." तो एरिकाकडे बघत नव्हता. "आणि बाबा, खरं सांगू? या जुन्या लोखंडात आता काही राहिलं नाही. कुणी घेत नाही आजकाल. मोठ्या दुकानात नवीकोरी मिळते साडेचारशेला. वर दुर्बीण, वर हमी. ही बाई चारशे देतेय हेच पुष्कळ."

"नवी? प्लॅस्टिकच्या दस्त्याची?" आर्विद गुरगुरले. "ती बंदूक नव्हे, ती बादली."

"पण पोरीला आवडते."

"पोरीला काय कळतंय." पण त्यांची नजर टॉवेलवर खिळली होती आणि ओठ हलत होते. आकडे चालले होते आत. "साडेचारशे म्हणतोस नवी?"

"साडेचारशे. कमी नाही करत ते लोक. तिथं काउंटरवर पोरगं असतं, त्याला घासाघीस म्हणजे काय तेच ठाऊक नाही."

"मग साडेचारशेच्या खाली मी येणार नाही. आणि नातीला शिकारीचे बूट घ्यायचेत, त्यांचे वेगळे." ते एरिकाकडे वळले. "सहाशे."

"पाचशे."

"सहाशे. दस्ता कापलेला आहे, पण हातानं कापलाय. कानशीनं. आठ दिवस लागले मला."

एरिकाला ते आठ दिवस आठवत होते. तळघरातली लाकडाची धूळ, दर थोड्या वेळानं 'ये, खांद्याला लाव' म्हणून मारलेली हाक. "पाचशे पन्नास," ती म्हणाली. "पण काडतुसं धरून. सगळी. नुसती बंदूक घेऊन मी काय भिंतीवर टांगू?"

गॉर्डीनं मान वर केली. मार्लिनचा हात तोंडाशी गेला.

"सगळी?" आर्विद म्हणाले.

"एकूण एक. नाहीतर ही निघाले." तिनं खुर्ची मागे सारली.

तिला दाराशी पोचावं लागलं. कडीवर हात ठेवावा लागला. पाठीमागे त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता आणि तिच्या मनात एकच विचार होता, की ते काडतूस अजून त्यांच्या मुठीत आहे आणि बंदूक तिनं टेबलावर ठेवलीय.

"बस," आर्विद म्हणाले. "आणतो."

आणि ते उठले. कुणी बरोबर जायचं धाडस केलं नाही. त्यांनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पांढरी झालेली चार काढली. सौनाच्या बाकाखालून, बर्च झाडाच्या पानांच्या जुडीत गुंडाळलेली, आणली. घड्याळामागून, शिवणयंत्राच्या खणातून आणली. जिथं तिघांनी दहादा पाहिलं होतं तिथूनसुद्धा आणली. शेवटी दाराशी ओळीनं ठेवलेल्या बुटांपाशी वाकून टिलीचा लाल बूट उपडा केला. त्यातून दोन पडली. मार्लिननं दुसराही बूट उपडा करून झटकला.

"तिथं सुरक्षित राहतात," ते म्हणाले. "लहान पोराच्या बुटात चोर बघत नाही." मग टेबलाशी येऊन त्यांनी मूठ उघडली आणि अंगठ्याखालचं ते एक, कोमट झालेलं, ढिगावर ठेवलं. "घे. सगळी."

त्यांनी हात पुढे केला. एरिकानं तो धरला. पकड अजून तशीच होती, लाकूडतोड्याची.

"चेक चालेल?"

"गॉर्डीचा चालतो. तुझाही घेईन. रॉयचा घेणार नाही."

सगळे हसले, रॉयसुद्धा. तो हसत हसतच उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मार्लिन जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही, फक्त त्याच्या जाकिटाच्या बाहीवरचं पीठ झटकलं.

गॉर्डीनं बाईंना दस्त्याचं रबर बदलून देतो म्हणत बंदूक टॉवेलात गुंडाळली आणि काडतुसं टोपीत भरली. दाराशी आर्विदनी त्याला अडवलं. "नवीचं बघ हं. नातीच्या मापाची."

"मागवावी लागेल," गॉर्डी म्हणाला. यावेळी त्यानं घाई केली नाही. "लहान मापाची लगेच मिळत नाही. वेळ लागतो, आर्विद. आणि पहिल्या आकड्याला मी देणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"तुझा पहिला आकडा घेतो कोण," आर्विद खुशीत म्हणाले.

गाडी गेली. आर्विदनी कॉफी मागितली, पावाचा जाडसर काप तोडून बुडवला. "चांगलं कापलं मला त्या बाईनं," ते मार्लिनला सांगत होते. "गंज नव्हता. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. कुणाची पोर गं ती?"

मार्लिन बशी पुसत राहिली.

एरिका जिन्यावर गेली. टिली सांगितलेल्या पायरीपेक्षा चार पायऱ्या खाली, कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये तोंड घालून बसली होती. एरिका तिच्या शेजारी टेकली आणि तिला कुशीत घेतलं. पोरीच्या केसांना खडूंचा, मेणाचा वास येत होता.

"आई, विकत घेतलीस ना तू?"

"हो. गेली आता."

टिलीनं खाली बघितलं. स्वयंपाकघरात म्हातारा पाव बुडवत होता आणि नवी बंदूक बघून नात कशी नाचेल ते रंगवून सांगत होता.

"पणजोबांची नात म्हणजे तू. हो ना?"

"हो."

"मग तू मोठी झालीस, हे त्यांना कुणी सांगायचं?"